साऱ्यांच्या खांद्यावर तुमची मान

मास्तर,

शिवनाथ नदीत तुमची राख सोडून झाली अन् आसनांच्या क्लासमधले सारे मायाकडं पाहायले लागले. धनराज कानापाशी येऊन म्हणे, "नकल्या, एक बार त्यांच्या आवाजात बोल न बे. 'घाई ड्युटीवर कर, इथं नको' म्हण." तुमाले तं माहीतच आहे, मी रशियन साहेबाची नकल करतो, फोरमनची करतो, प्लांटचा भोंगा बी तोंडानं वाजवतो. तुमच्या आवाजावर तं मायं अर्धं नाव झालं. पण त्या दिवशी तोंड उघडलं अन् निस्ती हवा निंघाली. तुम्ही असते तं म्हटलं असतं, "वा! पोट्टा चूप बसला, पेढे वाटा."

घरी येताना ध्यानात आलं, राखेचं मडकं धनराजनं डाव्या हातानं धरलं होतं. उजवा हात सारा वेळ पँटच्या खिशात.

त्या हाताचंच सांगायचं आहे मले. धनराज प्लांटमध्ये क्रेन चालवते. वितळलेल्या लोखंडाची भली मोठी बादली क्रेनले टांगलेली असते, अन् तो वरच्या केबिनीत बसून दांडा सरकवते. खाली माणसं असते. त्याच्या उजव्या हाताची बोटं बधिर होऊन राहिली होती, हे फक्त तुमाले, तुमच्या घरी काकूले, मले अन् त्याले माहीत होतं. आता तुम्ही नाही. तुमचं-मायं भांडण याच गोष्टीवर अडकलं होतं, अन् तुम्ही अर्ध्यात उठून गेले. हे बरं नाही केलं, मास्तर.

खरं सांगू? तुमच्या क्लासले मी आसनं शिकायले आलोच नव्हतो. मले नवीन माणूस पायजे होता, नकलेसाठी. तुमसरच्या शाळेत हेडमास्तरची नकल करून छड्या खाल्ल्या, इथं तुमची केली तं तुम्ही क्वार्टरवर नेऊन चहा पाजला. "काकू, पाहा, घरात दोन-दोन नवरे झाले तुमचे," मी तुमच्या आवाजात बोललो, अन् काकू म्हणाल्या, "एकाचंच करून थकली मी, दुसऱ्याले वापस पाठव."

तुम्ही प्लांटमध्ये फिटर. मास्तर हे नाव क्लासमुळं पडलं. सकाळी क्वार्टरांच्या मागच्या मैदानात आमी पोतं नाहीतर कांबळ टाकून बसायचो, अन् तुम्ही पाठमोरे उभे राहून आसन करून दाखवायचे. आमी मागून पाहायचो अन् तसंच करायचो. तुमची मान डावीकडं जराशी कलती होती. मशीनले कान लावून फिटर ऐकते न, तशी. आमाले वाटे, धंद्यानं झाली असन.

गणपतीत सेक्टरच्या मांडवात मी साऱ्या क्लासची नकल केली. गादी टाकली अन् एकटाच पूर्ण क्लास झालो. समारू पोट आत ओढते अन् डोळे बाहेर काढते, ते केलं. धनराज पाय वर करून तिथूनच कोण कोण पाहून राहिलं ते मोजते, ते केलं. एक जण शवासनात घोरते अन् आपल्याच घोरण्यानं दचकते, तेबी केलं. मांडव हसून हसून लोळला. काकू तोंडात पदर धरून बसल्या होत्या. तुम्ही एकटे हसले नाही. मले राग आला होता, सांगून ठेवतो. मेहनत करा अन् मास्तरचं तोंड एरंडेल पिल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावलं तुम्ही. "काल केलं ते पुन्हा कर."

"फुकट? मांडवात नारळ भेटला होता."

"कर म्हटलं न."

मी गादीवर पाय वर केले.

"हा कोण?"

"समारू."

"अन् हा?"

"धनराज. पाय पाहा न, हिरोवानी आहे."

"पायाचं सोड. मान अशी कावून केली?"

"मी कुठं केली? त्याची अशीच असते."

"अन् समारूची?"

"त्याचीबी."

"तो घोरणारा?"

मी बोलायले गेलो अन् अडकलो. पोटं मी वेगळी केली होती, गुडघे वेगळे, तोंडं वेगळी. मान साऱ्यांची एकच होती. डावीकडं कलती. मी उताणा, पाय आभाळात, अन् तुम्ही उलटे दिसून राहिले होते.

"मास्तर," मी म्हटलं, "हे तं तुमची मान होय."

तुम्ही खाली बसले. मांडवातलं सारं हसू आठवलं मले. लोकं कशावर हसले होते?

"तसाच राहा," तुम्ही म्हटलं. "हसवायचं नाही आता. निस्ता राहा त्याच्यात. कुठं लागते ते सांग."

राहिलो. पहिले काहीच नाही. मंग खांद्यातून काहीतरी निंघालं अन् दंडावरून खाली उतरलं, मुंग्या रांगेनं चालते तसं, करंगळीपर्यंत. मी सांगितलं. तुम्ही आपला उजवा हात पुढं धरला, मूठ उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. तुमाले ते मुंग्यांचं नवीन नव्हतं, हे मले तवाच समजलं.

मंग सांगितलं तुम्ही. पोरवयात गोंदियाच्या राईस मिलमध्ये धानाचं पोतं मानेवर पडलं होतं. मान जुळली, पण कलती जुळली. तवापासून डोक्यावर उभं राहाचं तं तुम्ही वजन एका बाजूले घ्यायचे, त्यानं तुमाले बरं वाटे. आमच्या माना सरळ होत्या. आमाले वाटलं, तोच खरा हुनर. समारूनं तं नवीन आलेल्याले शिकवलंबी होतं, "घेंच ल थोकिन टेढ़ा कर भाई, गुरुजी घलो अइसनेच करथे." म्हणजे मान जराशी वाकडी कर, गुरुजीबी असंच करते. तुमच्यावर जीव होता म्हणून साऱ्यांनी आपापली मान वाकडी केली, मास्तर. कोणी शत्रू असता तं सरळ ठेवली असती.

त्या दिवसापासून तुम्ही करून दाखवणं बंद केलं. "आता मी तुमच्यामागं उभा राहीन, तुम्ही मले नका पाहू." डोक्यावर उभं राहाणं बंद, सर्वांगासनात खांद्याखाली घडी केलेलं कांबळ पायजेच. धनराज म्हणे, "म्हणजे हॉटेलात जाचं अन् मालक म्हणते, भजे दिसणार नाही, वर्णन ऐका!" सारे हसले, पण काही जण आलेच नाही पुन्हा. "मास्तर भेले," असं सुपेलाच्या बाजारात बोलले. तुमाले लागलं ते. मले म्हणाले, "भेलो तं भेलो. भेणारा माणूस पाहून पाय टाकते."

मंग रोज सुरुवात विचारण्यापासून. कोणत्या शिफ्टचा आहे? झोप झाली का? आज काय दुखते? भट्टीवरून सुटून सीधा आला त्याले तुम्ही पहिले सावलीत बसवायचे, पाणी द्यायचे, आंग थंडं होईस्तोवर हातबी हलवू द्यायचे नाही. आंगाले हात लावाचा तं विचारून, अन् ढकलाचं कधीच नाही. मी एकदा समारूच्या पाठीवर जोर दिला तं तुम्ही माया कान धरला. "आंग म्हणजे जाम नट वाटला का, पाना मारला की सुटन? नट तुटला तं दुसरा भेटते स्टोअरमध्ये."

अन् मायी नकल तुम्ही कामाले लावली. कोणाले कुठं लागते हे त्याले सांगता आलं नाही तं मले म्हणायचे, "त्याच्यासारखा बस." मी बसायचो. कंबर त्याची, खांदे त्याचे, श्वासबी त्याचाच. मंग मायं आंग सांगे. तोवर मी लोकायचं वरचं वरचं उचलत होतो, टाळी भेटली की टाकून देत होतो. तुम्ही मले थांबायले शिकवलं. एक कायदाबी लावला. "आता क्लासमधल्या कोणाची नकल मांडवात नाही करायची. ते त्याचं दुखणं आहे, तुयं नाही."

मी म्हटलं, "मंग मी खाऊ काय?"

"फोरमनची कर. त्याले काही दुखत नाही."

याच कायद्यानं आपलं भांडण लावलं.

तुम्ही साऱ्या क्लासले विचारलं होतं, हातात कोणाले मुंग्या येते का. कोणी बोललं नाही. धनराज काखेत हात दाबून बसला होता. दुपारी तो एकटा आला तुमच्या क्वार्टरवर. मी तिथंच भजे खाऊन राहिलो होतो. त्यानं मायाकडं पाहिलं, तुम्ही म्हटलं, "हा आपलाच आहे, बोल."

"मास्तर, बोटं हायेत, पण नाहीत. दांडा धरला का नाही हे मले डोळ्यानं पाहा लागते."

"कवापासून?"

"गणपतीच्या पहिलेपासून." मंग हसला तो, तेच हिरोवालं हसू. "आता तुम्हीच सांगा, डोळे बादलीवर ठेवू का हातावर?"

कढईत भजे जळाचा वास आला तरी काकू हलल्या नाही.

तुम्ही म्हटलं, फोरमनले सांग, दवाखान्यात जा. तो हात जोडून उभा. क्रेन गेली तं झाडूवर टाकतीन. गावात त्यानं बायकोले सांगून ठेवलं आहे, आगीची नदी मी एका बोटावर उचलतो. आता ते बोट मेलं, हे कसं सांगू? कोणाले सांगणार नाही, असं त्यानं तुमच्याकडून वचन घेतलं, अन् मायाकडूनबी.

भट्टीची मळी, लोखंडावरची जळती घाण, बाहेर ओतली की सांजच्या आभाळाले लाली चढते न, पहिले मी म्हणायचो, वा, फुकटची दिवाळी. त्या दिवसापासून लाल झालं की मी पाहायचो, शिफ्ट कोणाची आहे.

"आपण सांगू फोरमनले," मी म्हटलं.

"नाही."

"कावून नाही? माणसं आहे खाली. समारू आहे खाली, त्याच बादलीले साखळी लावते तो."

"माहीत आहे मले."

"मंग?"

"त्यानं भरोशानं सांगितलं. एकाचं बाहेर बोललो तं उद्या कोणी सांगणार नाही. मंग सारेच काखेत हात दाबून बसतीन, अन् आपण गाढवावानी विचारत राहू, आज काय दुखते. तो आपल्या पायानं गेला पायजे. रोज त्याच्यामागं लागलो आहे मी."

"रोज म्हणजे किती रोज, मास्तर?"

"गुरू तू आहे का मी?"

"बादलीले विचारा," मी म्हटलं.

तुमचं तोंड पडलं. इतकं मी कधीच नव्हतो बोललो. तुम्ही हळूच म्हटलं, "त्याच्या खांद्यावर मायी मान बसली आहे. मले झोप येते का, हे विचार न एकदा."

नाही विचारलं मी. रागात उठून गेलो. तेव्हाच पायरीवर तुमची चप्पल ऐकू आली, मले थांबवायले तुम्ही मागं आले होते. तुमची चप्पल फटफट वाजायची, साऱ्या लाईनले माहीत होती. त्या दिवशी एक पाय फट अन् एक पाय खर्रर्र.

मी वळून पाहिलं. चार पावलं तुमच्यासारखा चाललो, तिथंच, रस्त्यावर. डावा पाय मागं राहून राहिला होता. बोलावलं तं उशिरा येते, तसा.

"मास्तर, पाय घसटून राहिला तुमचा. दवाखान्यात चला."

"आता माया चालीचीबी नकल?"

"हसू नका. चला."

"शिफ्ट बदलली की जाऊ."

मी दुसऱ्या दिवशी म्हटलं, तिसऱ्या दिवशीबी म्हटलं. काकूलेबी सांगितलं. त्या म्हणे, "मायं कोण ऐकते? तू त्यांच्या आवाजात बोल, स्वतःचं तरी ऐकतीन." तेबी केलं. तुम्ही पोट धरून हसले अन् म्हटलं, अजून जरा जाड आवाज पायजे. अख्ख्या क्लासले तुम्ही विचारलं, आज काय दुखते. तुमचं विचारणारा एकच होता, अन् तो जोकर निंघाला. मले याचा राग आहे, मास्तर, अन् तो जाता जात नाही.

नळावरून बादली भरून आणताना पायरीवर पडले तुम्ही, ते उठलेच नाही. डॉक्टर काकूले म्हणे, मानेतली नस लय दिवसांपासून दबून राहिली होती, पडल्यानं पुरीच गेली. काकूनं विचारलं, "लय दिवस म्हणजे?" डॉक्टरनं एक्स-रे पाकिटात टाकला. मी बाहेर उभा होतो. मले धनराज दिसून राहिला होता, वर, केबिनीत.

नदीवरून आल्यावर क्लास मायाकडं आला. कोणी ठरवलं नाही. सकाळी मैदानात गेलो तं सारे कांबळ टाकून बसलेले, अन् तुमची जागा मोकळी. मी तुमच्या जागेवर नाही उभा राहिलो. मागं गेलो, तुम्ही जात होते तिथंच.

"कोणत्या शिफ्टचे?" विचारलं. धनराज म्हणे, "दुपारची." समारू म्हणे, "मोरो," म्हणजे त्याचीबी तीच. दोघांचे कांबळ बाजूबाजूले होते.

आसनं साधीच घेतली. पण माया डोक्यात एकच चालू होतं. फोरमनकडं गेलो तं तुमचं वचन मोडते, अन् उद्यापासून कोणी मले दुखणं सांगणार नाही. नाही गेलो तं दुपार होऊन राहिली. शेवटी साऱ्यांले उताणं झोपवलं. डोळे मिटा, म्हटलं, हात उघडे ठेवा. उजव्या हातावर मी काहीतरी ठेवीन. लागलं की मूठ बंद करा, बोलायचं काही नाही.

रेल्वेच्या रुळाजवळची गिट्टी उचलली, बारीक बारीक. एकेकाच्या हातावर एकेक दगड ठेवत गेलो. ठेवला की मूठ बंद. ठेवला की मूठ बंद. समारूची तं मायं बोट दूर व्हायच्या पहिलेच बंद झाली, जसा कोणी पैसाच दिला.

धनराजच्या हातावर ठेवला.

हात उघडाच राहिला. मी थांबलो. अजून थांबलो. दगड तळहाताच्या मधोमध होता अन् त्याचं तोंड शांत होतं. त्याले वाटून राहिलं होतं, आपला नंबर अजून यायचा आहे.

मास्तर, भीती काय असते हे मले तवा समजलं. भट्टीजवळ नाही समजलं, तुमच्या तिरडीजवळ नाही समजलं.

बाकी सारे डोळे मिटून होते. मी त्याच्या कानापाशी वाकलो अन् म्हटलं, "धनराज, डोळे उघड. निस्ता हात पाहा."

त्यानं पाहिलं. लय वेळ पाहिलं. मंग मान फिरवून बाजूले पाहिलं, तं समारू मूठ छातीवर ठेवून घोरून राहिला होता, दुपारी ज्याच्या डोक्यावरून बादली जाणार होती तो. धनराजनं तो दगड डाव्या हातानं उचलला. कांबळ घडी केलं.

"फोरमन किती वाजता येते?" त्यानं विचारलं.

"भोंग्याच्या पहिले."

गेला तो. आपल्या पायानं गेला, तुम्ही म्हणत होते तसा. मी लोटला म्हणून गेला, मी म्हणत होतो तसा. आपल्या दोघांत कोण जितलं ते तुम्ही असते तं रात दिवस भांडलो असतो.

त्याले क्रेनवरून उतरवलं. दवाखाना चालू आहे. बोटं वापस येतीन का, हे डॉक्टर सांगत नाही, अन् मी विचारलं तं धनराज तोंड फिरवते. माया आवाज ऐकला की रस्ता बदलते. क्लासले येत नाही. त्याचं कांबळ टाकायची जागा सारे अजून सोडते.

बाकीच्यांच्या माना मी सरळ करून राहिलो आहे. मागं उभा राहतो, विचारून हात लावतो, म्हणतो, नाक समोर, हनुवटी मधात. एकेक मान सरळ होते. होते तसं मले वाटते, तुम्ही या मैदानातून एकेका खांद्यावरून उतरून चालले. हे काम तुम्हीच शिकवलं मले. दुसरं कोणतंबी शिकवायचं होतं न, मास्तर.

काल काकूकडं गेलो. क्वार्टर खाली करायचं आहे, भांडी पोत्यात भरून दारात बसल्या होत्या. गावी भाऊ न्यायले येणार आहे, ते सांगून राहिल्या होत्या, अन् मी पाहून राहिलो होतो. काकूनं उभ्या जन्मात एक आसन केलं नाही. तरी मान डावीकडं कलती. तुमच्या बाजूले बसून तुमचं बोलणं ऐकता ऐकता झाली असन.

"काकू, मान दुखते का?"

"नाही रे," त्या म्हणे. "अशीच बरी वाटते."

मी हात पुढं नाही केला. नाक समोर, हनुवटी मधात, काही म्हटलं नाही. पायरीवर त्यांच्या बाजूले बसलो, मान तशीच कलती केली, अन् चुलीवरचा चहा होईस्तोवर आमी दोघं तसेच बसून राहिलो.